भिंतीपलीकडे काही नाही

चिंचणी
२ डिसेंबर २०२४

चि. समिधास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मनात वेगळंच आहे.

चार दिवसांत तुला सहा फोन केले. एकदा उचललास आणि "मामा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवलास. म्हणून आता पत्र. तू मीटिंगमध्ये असलीस तरी पोस्टमन ते टेबलावर ठेवून जाईल.

तुझ्या मामीला कार्तिकी पौर्णिमेला शॉक लागला, हे तुझ्या आईने कळवलं असेल. किती लागला ते सांगितलं नसेल, माझी बहीण आहे, मी ओळखतो तिला. तर ऐक. त्या दिवशी उधाणाचं पाणी मासळी सुकवायच्या खळ्यापर्यंत आलं होतं, जमीन भिजून काळी झाली होती. भागी खाडीकडच्या टोकाला वलांडीच्या मांडवावर बोंबील सुकायला टांगत होती. हात वर केला आणि तिथेच चिकटला. ओरडताही येईना. शेजारच्या वलांडीवरून गोमाची बायको मंजुळा धावली. वलांडीचे जुने बांबू कडेला रचून ठेवले होते, त्यातला एक उचलून तिने भागीच्या मनगटावर मारला, तेव्हा ती सुटून खाली पडली. बोईसरच्या दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठा राहिला, पण वाकत नाही. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या करायच्या, तर लागतं काय? अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. चाळीस वर्षं ती तेवढंच करत आली.

आता मुद्द्याचं. खळ्याला लागून ज्या कंपनीने समुद्राचं पाणी ओढायला पंपहाउस बांधलं, तिचा चौकशी अहवाल पाच दिवसांपूर्वी हातात आला. तिचा माणूस येऊन जमिनीत दोन खिळे ठोकून गेला होता आणि "काही नाही" म्हणाला होता. अहवालाच्या पान चौदावर लिहिलंय की पंपहाउसची जमिनीत उतरणारी वीज सुरक्षित मर्यादेत आहे. खाली नाव, गणना: समिधा पागधरे, पुणे. पान सतरावर लिहिलंय की ज्याअर्थी जमीन सुरक्षित आहे, त्याअर्थी वीज पुंडलिक तामोरे यांनी खळ्यावरच्या खोपीत घेतलेल्या चोरट्या जोडणीतून आली असावी.

एकतीस वर्षं मी बोईसरच्या कारखान्यांत वायरमन होतो. तिथेच जवळ सरावलीच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलं, पण कधी आकडा टाकला नाही आणि कुणाला टाकू दिला नाही. आज मला नोटीस आली आहे की वायरमनचा परवाना रद्द का करू नये. माझ्याच बायकोला मी चोरीच्या विजेने भाजलं, असं गावात बोललं जातंय, आणि त्याला पुरावा म्हणून माझ्या भाचीची सही आहे.

मी दुसऱ्याच दिवशी मीटर लावून पाहिलंय. दुसरा पंप सुरू असला की चौऱ्याऐंशी व्होल्ट. बंद झाला की शून्य. टॉर्चचा सेल आणि तार देऊन तुला नऊ वर्षांची असताना मी शिकवलं होतं, की वीज परत जायचा रस्ता शोधतच राहते. ते शिकवणं वाया गेलं म्हणायचं. तू फक्त एक ओळ लिहून दे, की माझा अहवाल चुकला. दुसरं काही नको.

पुंडलिक मामा


पुणे
९ डिसेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

आईने मला "हाताला लागलंय, बरं होईल" एवढंच सांगितलं होतं. तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. नंतर मला राग आला, तोही लिहिते. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. निकाल लावूनच पत्र सुरू केलंत.

माझा अहवाल ऑगस्टमधला आहे, अपघाताच्या तीन महिने आधीचा. कंपनीला आमच्या ऑफिसकडून हवं होतं ते एवढंच: समजा पंपाची केबल जमिनीत गळू लागली, तर आवारात चालणाऱ्या कामगाराच्या दोन पावलांमध्ये किती व्होल्ट येतील. मी ते काढून दिलं. आवारापुरतं ते बरोबर आहे. तो कागद उचलून त्यांनी खळ्यावरच्या बाईला लावला, ही बदमाशी त्यांची आहे. माझी नाही.

मामा, असं गणित कुठेतरी थांबवावं लागतं. अख्खी पृथ्वी संगणकात घालता येत नाही. म्हणून एक तुकडा कापून घ्यायचा आणि त्याच्या कडेला विजेचं काय होतं ते आपण सांगायचं. त्याला सीमा-अट म्हणतात. ती सांगितल्याशिवाय आतलं उत्तर निघतच नाही. माझ्या तुकड्याची कड म्हणजे कंपनीच्या कंपाउंडची भिंत होती, कारण त्यांनी पाठवलेला नकाशा तिथवरच होता. "अहवाल चुकला" असं मी लिहून दिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहायला तुम्ही मला शिकवलेलं नाही.

आणखी एक विचारते. रागावू नका, कारण हे तुम्हाला कुणीतरी विचारणारच आहे. खोपीतल्या दिव्याची वायर मीटरमधूनच येते ना?

मामीला माझा नमस्कार सांगा. तिच्याशी बोलायची हिंमत होत नाही.

समिधा


चिंचणी
१४ डिसेंबर २०२४

समिधा,

खोपीत वीजच नाही. बॅटरीचा दिवा आहे, तो मी रोज घरी आणून चार्ज करतो. फोटो सोबत पाठवलाय, पुण्यातल्या तुझ्या साहेबांनाही दाखव. म्हणजे तुलासुद्धा मी चोर वाटलो. कंपनीवाले परके आहेत, त्यांचं मला काही वाटलं नाही. तुझं वाटलं.

आता तुला मी विचारतो. दोन पानं भरून तू मला सीमा-अट समजावलीस आणि नेमकी तीच सांगायची टाळलीस. भिंतीच्या कडेला विजेचं काय होतं म्हणून संगणकाला सांगितलंस? मी आयटीआय झालोय, अडाणी नाही. भिंत बांधली तेव्हा मी रोज तिथून जात होतो. पाया अडीच फूट आहे, त्यापेक्षा जास्त नाही. त्याच्याखालून खेकडे ये-जा करतात. खेकड्याला जो रस्ता सापडतो तो विजेला सापडत नाही, असं तुझ्या कॉलेजात शिकवतात का?

एका ओळीत उत्तर दे. नमस्कार-चमत्कार नकोत.

पुंडलिक


पुणे
२६ डिसेंबर २०२४

मामा,

खेकड्यांचं वाक्य वाचल्यावर मी जुन्या गणिताची फाइल परत उघडली.

एका ओळीत उत्तर हे आहे: मी सांगितलं की या कडेतून वीज बाहेर जात नाही.

म्हणजे ती भिंत काचेची आहे आणि पाताळापर्यंत गेली आहे, असं मी संगणकाला पटवलं. वीज बिचारी मग सरळ खाली जाते, आवारात सगळीकडे सारखीच पसरते, आणि दोन पावलांत फरक पडत नाही. चित्र सुरेख आलं होतं. सगळं एका रंगाचं. मेहुल सर, म्हणजे माझे वरिष्ठ, म्हणाले, कंपनी खूश होईल.

तुमच्यापासून लपवलेलं पुढचंही सांगून टाकते. मी त्यांना विचारलं होतं, की भिंतीबाहेरच्या जमिनीची मोजणी मागवू का. ते म्हणाले, "नकाशा भिंतीपाशी संपतो ना? मग पलीकडे काही नाही असं धर." मी तसं धरलं. आणि मामा, नकाशावर जागेचं नाव होतं. पलीकडे काय आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. लहानपणी बोंबलांच्या रांगांखालून मी तिथे पळापळी खेळलेय. मामीने वास लागलेल्या हाताने मला तिथेच भाकरी भरवलीये. तरी मी लिहिलं की तिथे काही नाही, कारण शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. स्वतःला इतकं घालून-पाडून मी आजवर कधी बोलले नव्हते.

तर आता मी ते सगळं पुन्हा केलं. ऑफिसात नाही, घरी, सुट्टीच्या दिवशी. कड भिंतीवरून उचलून खाडीपार नेली, चारी बाजूंनी अर्धा किलोमीटर, आणि तिथे शून्य धरलं. खळ्याची जमीन खारट चिखलाची धरली, उधाणातली. वीज भिंतीखालून बाहेर आली, अगदी तुमच्या खेकड्यांसारखी. माझा अहवाल चुकला, हे मी आता लिहून देऊ शकते.

पण अडचण अशी, की भिंतीला अगदी लागून एका पावलात सात व्होल्ट येतात, आणि मामी उभी होती तिथे जेमतेम दोन. चौऱ्याऐंशी कुठूनही येत नाहीत. पंधरा वेळा करून पाहिलं. दोन व्होल्टने कुणाची बोटं जात नाहीत. हे मी त्यांच्यापुढे ठेवलं तर ते हसतील आणि पान सतरा आणखी पक्कं होईल.

म्हणून नीट सांगा. मीटरच्या दोन काड्या तुम्ही कुठे कुठे लावल्या होत्या? दोन्ही जमिनीत? आणि खळ्यावर लोखंडाचं काही आहे का, जुना पाइप, पत्रा, काहीही?

समिधा


चिंचणी
२ जानेवारी २०२५

समिधा,

काड्या जिथे लावायच्या तिथे लावल्या होत्या. तू जन्मायच्या आधीपासून मी मीटर धरतोय.

आधी मी चोर होतो, आता माझं मीटर खोटं. उद्या म्हणशील, मामीची बोटं आहेत तिथेच आहेत, मामाला दिसत नाहीत. तुझं गणित जमत नाही तर तू तुझं गणित तपास. मला लोखंडाचे आणि पत्र्याचे प्रश्न विचारू नकोस. कंपनीचा माणूसही हेच विचारत आला होता, त्याला मी हाकलून दिलं.

यापुढे पत्र नको. संक्रांतीला तुझी आई येते म्हणाली होती, तिलाही मी येऊ नको म्हणून सांगितलंय.

पुंडलिक तामोरे


पुणे
८ जानेवारी २०२५
(स्पीडपोस्टाने)

मामा,

तुम्ही पत्र नको म्हणालात तरी हे वाचा. फोन केला, तुम्ही कापला. सफाळ्याहून आईने केला, तोही कापला. मामीचा फोन तुमच्याच खिशात असतो. गावातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नाही, ही लाज माझी आहे.

तुमचं पहिलं पत्र मी परत काढून वाचलं. मंजुळामावशीने "जुना बांबू" उचलला, असं तुम्ही लिहिलंय. वलांडीचे बांबू कडेला रचून ठेवले होते. मग वलांडी कशावर उभी होती?

मी आईला विचारलं. ती सहज म्हणाली, "अगं, दादाने गणपतीनंतर लोखंडी वलांडी केली. बांबू दर वर्षी कुजतात म्हणून भंगारातले पाइप आणले, दोरीच्या जागी तार ओढली. सगळ्या गावाने कौतुक केलं." तुम्ही मला तीन पत्रं लिहिलीत, मामा. त्यातल्या एकातही तार नाही.

साठ मीटर तार ताणायची तर एक टोक भक्कम कशाला तरी बांधायला हवं. खळ्यावर भक्कम असं एकच आहे: कंपनीच्या भिंतीवरच्या काटेरी कुंपणाचा लोखंडी खांब. त्यांचा नकाशा माझ्याकडे आहे. तो खांब पंपहाउसच्या अर्थिंगला जोडलेला आहे. म्हणजे केबल गळली की जो व्होल्टेज अर्थिंगवर चढतो, तोच त्या तारेतून जसाच्या तसा खाडीकडच्या टोकाला जातो. आणि तिथे खाली ओला चिखल, जवळजवळ शून्यावर. मधे मामी, पाय चिखलात आणि हात तारेवर.

मी ती तार चित्रात घातली. गळती तेवढीच धरली, बाकी काही बदललं नाही. ब्याऐंशी ते शहाऐंशीच्या मधे आलं.

उत्तर जुळल्यावर मला आनंद झाला, मामा. खुर्चीतून उठले मी. मग लक्षात आलं की कशाचा आनंद झालाय, आणि परत बसले.

तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. तारेचं सांगितलं तर ते सगळं तुमच्यावर ढकलतील. नाही सांगितलं तर माझ्या दोन व्होल्टवर कुणी विश्वास ठेवणार नाही. ते नंतर बघू. आधी एवढंच सांगा: तुमचं बघून आणखी कुणी तशी तार बांधली आहे का? तेरा तारखेला पौर्णिमा आहे. पुन्हा उधाण येईल, जमीन पुन्हा भिजेल. कुणाची असेल तर सोडवा. त्यानंतर माझ्यावर हवं तितकं भडका.

समिधा


चिंचणी
१४ जानेवारी २०२५

चि. समिधास,

तुझं पत्र दहा तारखेला आलं. मी ते फोडलं नाही. देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं. पाकिटात काय असणार ते मला ठाऊक होतं.

काल पौर्णिमेला मंजुळाला झटका बसला. फार नाही. भागीने महिनाभर ओरडून ओरडून तिला रबरी चप्पल घालायला लावली होती, म्हणून हात नुसता बधिर झाला आणि ती मागे बसली. मी घरी आलो आणि मग पाकीट फोडलं.

आता मीही सगळं सांगतो.

भागीला लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन गेलो. एक काडी तारेला, एक चिखलाला. चौऱ्याऐंशी. आकडा बघितल्याबरोबर मला कळलं काय झालंय. मी वायरमन आहे, मला कळायला चित्र लागत नाही. तिथल्या तिथे मी खांबावरची गाठ सोडली, तार गुंडाळली आणि घरी आणली. म्हणून चार दिवसांनी कंपनीच्या माणसाला आमच्या वलांडीवर काही सापडलं नाही, बाकीच्या त्याने पाहिल्याच नाहीत. पुरावा त्यांनी नाही, मी मोडला.

आणखी दोन तारा होत्या. एक गोमाची आणि एक पलीकडच्या नवसीची. मीच त्यांना बांधून दिल्या होत्या, कौतुक झालं ना, त्या भरात. त्या मी सोडल्या नाहीत. त्या सोडल्या असत्या तर का म्हणून कुणीतरी विचारलं असतं. मनाला समजावलं की त्या खाडीपासून जरा लांब आहेत, तिथे जमीन कोरडी असते. दोन महिने मी रोज घरी बसून कंपनीच्या नावाने शंख करत होतो, तुझ्या नावाने करत होतो, आणि रोज सकाळी मंजुळा त्या तारेवर बोंबील टांगायला जात होती. मला माझी लाज वाटते एवढं म्हणून भागत नाही. मला माझा संताप येतो.

आज सकाळी खळ्यावरच्या सगळ्या बायकांना बोलावलं. दुसरा पंप सुरू होता. त्यांच्यासमोर गोमाच्या तारेला मीटर लावलं, आकडा त्यांनाच वाचायला सांगितला. एक्याऐंशी. फोटो काढले. मग दोन्ही तारा कापल्या आणि सांगितलं की हे माझं काम होतं आणि मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. मंजुळा टोपली उचलून गेली. गोमा म्हणाला, "पुंडलिक, तू कंपनीवाल्यांपेक्षा बेकार निघालास." मी ऐकून घेतलं.

सोबत माझा जबाब आहे, सही करून. तो तुझ्या कागदाला जोड. परवाना जाईल. जाऊ दे. पण एक विसरू नकोस आणि त्यांनाही विसरू देऊ नकोस. तार माझी होती, वीज माझी नव्हती. केबल त्यांची गळते आणि ती त्यांना सांभाळता येत नाही.

तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलण्यासारखं यंदा काही नाही.

मामा


पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना नमस्कार.

नवा अहवाल गेला. तुमचा जबाब, फोटो, दोन्ही चित्रं, भिंतीपाशी थांबलेलं आणि खाडीपार नेलेलं, शेजारी शेजारी ठेवली. पहिल्याच पानावर लिहिलं, की आधीच्या गणनेतली सीमा-अट चुकीची होती आणि ती मी निवडली होती. मेहुल सरांनी ते वाक्य खोडायला सांगितलं. "आम्ही" लिही म्हणाले, "परिस्थितीनुसार" लिही म्हणाले. मी खोडलं नाही. कंपनीलाच नाही, नोटीस काढणाऱ्या कार्यालयालाही माझ्या सहीने थेट पाठवलं. दुसऱ्या दिवशी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून जे बोलले ते पत्रात लिहिता येणार नाही.

तुम्हाला कळलंच असेल की दुसरा पंप बंद केलाय. खणलं तेव्हा केबलची साल तीन फूट सोलवटलेली निघाली. तीस अँपिअर जमिनीत जात होते आणि गळती पकडणाऱ्या त्यांच्या रिलेला ते दिसतच नव्हते. पान सतरा त्यांनी मागे घेतलं आहे. तुम्ही चोर नाही, हे आता लेखी आहे. परवाना वर्षभर निलंबित झाला, त्याचं मला वाईट वाटतं, पण ते चुकीचं आहे असं मी म्हणू शकत नाही.

मामीला सांगा, तिला न्याय मिळाला.

समिधा


चिंचणी
१२ फेब्रुवारी २०२५

समिधा,

मी भागी, तुजी मामी. मी सांगते नि मंजुळाची सून रूपाली लिवते. मी बोलते तसंच लिवायचं, सुदारायचं नाय, असं तिला बजावलंय. हे पत्र तुला हाय नि तुज्या मामालापन हाय. तो इथंच समोर बसलाय, ऐकतोय. त्याला लांब पत्र पाठवायची गरज नाय.

तुमची समदी पत्रं मी रूपालीकडून वाचून घेतली. त्याची त्यानं फोटो काढून ठेवली होती, तुजी पेटीत होती. आठ पत्रं. माज्या हाताची आठ पत्रं. त्यात व्होल्ट किती, भिंतीचा पाया किती, तार किती, समदं हाय. मामीला नमस्कार सांगा, मामीला न्याय मिळाला सांगा, हे पन हाय. मामीला इचारा, असं कोनी लिवलंय? रूपालीनं दोनदा बघितलं. कुटंच नाय.

इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुला बी नि ह्याला बी. नि मी सांगितलं होतं बी.

भाऊबीजेला तू नि तुजी आई आमच्याकडं जेवायला होतात, आटव. दिवाळीच्या अवसेचं उधान होऊन दोन दिवस झाले होते. मी वाडता वाडता बोलले, "अवसेपासून वलांडी चावते मला." हा बोलला, "हाताला भेगा हायत, मीठ झोंबत असेल." तू हसलीस नि बोललीस, "मामी, नस दबली असेल, डॉक्टरला दाखव." एक एकतीस वर्सांचा वायरमन, एक पुन्याची इंजिनेर. दोगं विजेतले. मला वाटलं ह्यांना कळतं, आपल्याला काय कळतं. मी गप बसले नि कालवन वाडलं. बारा दिवसांनी माजी बोटं गेली.

तू लिवलंस भिंतीपलीकडं काय नाय असं धरलं. तुजा राग येतो, पन ते तरी कागदावर होतं, तू पुन्यात होतीस. ह्यानं तार लपवली. त्याचा तर इतका राग येतो की त्याच्या हातची चा मी पंदरा दिवस घेतली नाय, नि डाव्या हातानं करून सांडत बसले. पन त्या दिशी तर मी कुनाच्या पलीकडं नवते. तुमच्या ताटासमोर उबी होते. तवा बी तुमी दोगांनी मला धरलं नाय.

न्याय मिळाला म्हनतेस. रूपालीला मी तेवडं परत वाचायला लावलं. पंप बंद झाला, ते चांगलं. ह्याच्या नावावरची चोरी गेली, ते बी चांगलं. पन कोनी मला सांगा, जबड्यात जबडा मी कशानं अडकवू.

आता ऐक. तुजी नोकरी गेली, तर तुला येळ हाय. पुडल्या पुनवेला खळ्यावर ये. बांबू परत रोवायचेत, तुजा मामा खड्डे खनेल, त्याला मी सांगितलंय. मंजुळा अजून त्याच्याशी बोलत नाय, नि मी तिला बोल म्हनून सांगनार नाय. तू माज्या उजव्या हाताला उबी रहा नि बोंबलाच्या जोड्या कर. तुला जमायचं नाय, पयल्या दिशी बोटं सोलतील, तरी कर. मी बगेन.

नि एक. परत कवा मी "चावते" बोलले, तर पयलं हात मागं घ्यायचा. मग हसायचं.

भागी
(सही उजव्या हातानं करत होते. म्हनून हा डावा अंगटा.)